कष्टाला फळ कुणी दिले? गिरणगावाच्या इतिहासाची साक्ष

कष्ट करणाऱ्याला काही कमी पडत नाही, असे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात आले आहे. ही शिकवण पोकळ नाही. स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत शेतमजुराचा मुलगा शिक्षक झाला, हमालाची मुलगी परिचारिका झाली, चाळीतल्या एका खोलीतून निघालेली कुटुंबे डोंबिवली-कल्याणच्या स्वतःच्या घरात राहायला गेली. आणि यशाचे कारण विचारले तेव्हा या साऱ्यांनी ‘मेहनत’ हेच उत्तर दिले. आज त्यांच्याच नातवंडांना हे उत्तर पुरेसे वाटत नाही. पदवी हातात असून कंत्राटावर बारा-बारा तास राबणारा तरुण विचारतो, की माझी मेहनत आजोबांपेक्षा कमी आहे का, आणि नसेल तर मला साधी भाड्याची खोली का परवडत नाही? वडीलधारी माणसे नव्या पिढीच्या चिकाटीबद्दल शंका घेतात आणि वाद माणसांच्या स्वभावावर येऊन अडतो. स्वभावाचा निवाडा करणे अवघड. इतिहासाचा मात्र करता येतो. मुंबईच्या गिरणगावात एकाच धंद्यात, बहुतांशी त्याच त्या जिल्ह्यांतून आलेल्या माणसांनी सव्वाशे वर्षे कष्ट केले. त्यातल्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत त्या कष्टांतून फारसे कुणी वर आले नाही, पुढच्या पन्नास-साठ वर्षांत बरेच जण आले, आणि १९८२नंतर ती वाट बंद झाली. तिन्ही काळांत माणसे राबतच होती. बदलले ते कष्टांभोवतीचे कायदे, संघटना आणि सत्तेचे बळ. कष्टाला फळ देणारी गोष्ट हीच आहे, असे या इतिहासावरून माझे ठाम मत झाले आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये कंपनी काढली आणि १८५६मध्ये ताडदेवला त्यांची सूतगिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, नायगाव हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्यांत राबायला माणसे आली ती मुख्यतः कोकणातून, आणि पाठोपाठ सातारा, पुणे, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून. १९११च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी सुमारे निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच मोडत असे. जमिनीचे लहान तुकडे, एकच पावसाळी पीक आणि खोताचा वाटा देऊन उरलेल्या भातावर न निघणारे वर्ष, ही त्यांची घर सोडण्याची कारणे होती. म्हणजे गिरणीच्या दारात उभी राहिलेली माणसे कष्टाला नवखी नव्हती. गिरणीत काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले आणि साप्ताहिक सुट्टी नावाची गोष्ट नव्हती. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली, पण प्रौढांच्या तासांना हातही लावला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा अंधार पडल्यावर थांबण्याची नैसर्गिक मर्यादाही गेली आणि दिवस चौदा-चौदा तासांवर गेला. प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ साल उजाडावे लागले. कष्ट हेच समृद्धीचे कारण असते, तर जगातल्या सर्वांत समृद्ध माणसांत या कामगारांची गणना व्हायला हवी होती.

प्रत्यक्षात त्यांच्या हाती काय पडत होते? पगार महिन्याचा, तोही पुढच्या महिन्यात बरेच दिवस उलटल्यावर मिळणारा. त्यामुळे मुंबईत पाऊल ठेवल्यापासून दीड-दोन महिने उधारीवर काढावे लागत. वाणी, मारवाडी सावकार आणि पठाण यांच्या वहीत नाव चढले की ते सहज उतरत नसे. काम मिळवायचे तर जॉबरची, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाची, मर्जी लागे आणि त्याची दस्तुरी द्यावी लागे. स्त्रियांच्या खात्यांत हाच अधिकार नाईकिणीकडे असे. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेण्यासाठी बदली कामगार रोज भल्या पहाटे दरवाजाशी उभे राहत, आणि बहुतेकांना हात हलवत परतावे लागे. राहायला दहा बाय बाराची खोली. तिच्यात एक कुटुंब आणि वर गावाकडचे दोन-चार पोटभाडेकरू. आया मशीनवर असताना तान्ही मुले शांत पडून राहावीत म्हणून त्यांना अफू घातलेली बाळगोळी दिली जाई. अशा घरात बचत कशातून होणार, मुलगा शाळेत कसा टिकणार? कोकणात मनीऑर्डर जात होती हे खरे, पण ती बहुधा खोताचे देणे आणि सावकाराचे व्याज यांतच जिरत होती. मुंबईतला कामगार गावाला तगवत होता आणि गाव आजारपणात, बेकारीत, म्हातारपणात त्याला सांभाळत होते. दोघेही जेमतेम तरत होते. पुढे कुणीच सरकत नव्हते.

गिरणीमालकांचे म्हणणे वेगळे होते. चौकशी आयोगांपुढे ते पुन्हा पुन्हा सांगत, की इथला कामगार आळशी आहे, मधूनमधून आवारात रेंगाळतो, सारखा गावी पळतो आणि लँकशायरच्या कामगाराच्या तुलनेत फार थोडी यंत्रे सांभाळतो. या आक्षेपातला शेवटचा भाग वस्तुस्थितीला धरून आहे. इंग्लंड-अमेरिकेतला कामगार कितीतरी जास्त चात्या आणि माग सांभाळत असे, आणि कमी उत्पादकतेमुळेच पगार कमी, असे आजचे काही अर्थशास्त्रज्ञही मांडतात. पण मुंबईत आखूड धाग्याचा स्वस्त कापूस वापरत, त्यामुळे सूत वारंवार तुटे आणि प्रत्येक यंत्रामागे अधिक हात लागत. बारा-चौदा तासांच्या पाळीत माणूस मधे बसला नाही तर तो कोसळेल, हे आवारात रेंगाळण्याचे कारण होते. आणि मुख्य मुद्दा असा, की जास्त यंत्रे सांभाळल्याचा लाभ कुणाला मिळणार हे ठरवण्यात कामगाराला काहीच जागा नव्हती. १९२८मध्ये ससून गटाच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत अशी पद्धत आणली गेली, तेव्हा कामगारांनी साधा हिशेब केला: दोघे तीन-तीन माग चालवू लागले की तिसरा घरी बसतो. पगारात पडणारी थोडी भर त्या तिसऱ्याच्या चुलीची भरपाई करत नव्हती, आणि तो तिसरा बहुधा भाऊ किंवा गाववालाच असे. जास्त कष्टाला कामगाराने दिलेला नकार हा आळस नव्हता. कष्ट वाढवून आपल्याच माणसांची भाकरी जाणार असेल, तर कुठलाही शहाणा माणूस तसाच वागेल.

मेहनतीची परीक्षा सगळ्यांसाठी सारखी होती असेही नाही. गिरणीत विणकाम खात्याचा पगार सूतकताईच्या रिंग खात्यापेक्षा बराच चांगला होता. पण विणकाम खात्याची दारे अस्पृश्य मानलेल्या जातींना बंद होती. धोट्यात नवी कांडी घातली, की सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि महार कामगाराच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, अशी सवर्ण विणकरांची भूमिका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ठामपणे उभा केला आणि सर्व खात्यांत काम मिळण्याचा हक्क मागितला. त्यांनी दाखवून दिले, की भांडवलदाराविरुद्ध लढणाऱ्या कामगाराच्या मनातही एक कुंपण होते. रिंग खात्यातला महार कामगार शेजारच्या विणकराइतकेच तास उभा राहत होता, तीच रुई त्याच्या छातीत जात होती, तरी वरच्या पगाराची जागा त्याच्या आवाक्याबाहेर होती. ‘ज्याने कष्ट केले तो वर गेला’ असे म्हणताना, ज्यांना वर जाणाऱ्या कामापर्यंत पोहोचूच दिले नाही त्यांचा हिशेब आपण सोडून देतो.

मग वाट कशी तयार झाली? तिची पहिली बांधणी कामगारांनी स्वतः केली. एकेका गावाच्या मंडळींनी मिळून गावकीच्या खोल्या घेतल्या. नोकरी गेलेल्याला तिथे अंग टाकायला जागा होती आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच वळकटीवर दोघे-तिघे आलटून-पालटून झोपत. खाणावळवाल्या बायकांनी महिन्याच्या बोलीवर जेवण घातले, संपाच्या दिवसांत उधारीवरही घातले. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी सुरू केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ याच बायकांचे. भजनी मंडळे, तालमी आणि वाचनालये यांतून माणसे एकमेकांना धरून राहिली. पण आधार म्हणजे उन्नती नव्हे, आणि हे सर्वांत आधी ओळखले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुले यांचे हे सत्यशोधक सहकारी ‘दीनबंधु’ चालवत होते. १८८४मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजारांच्या आसपास सह्या गोळा केल्या आणि रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई अशा मागण्या मांडल्या. मागण्या किती साध्या आहेत पाहा. पण रविवारची सुट्टी मिळायलासुद्धा १८९० साल लागले. आज नोकरदार माणूस जी सुट्टी गृहीत धरतो, ती मालकाच्या खुशीने किंवा कामगाराच्या चांगल्या वागणुकीमुळे आलेली नाही.

त्यापुढची प्रत्येक पायरी अशीच चढावी लागली. १९२०च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला आणि १९२२च्या कायद्याने आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. १९२५मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्क्यांची कपात जाहीर केली. संप काही महिने चालला, शेवटी सरकारने कापडावरचा अबकारी कर स्थगित केला आणि कपात मागे घेतली गेली. १९२८चा संप सहा महिने टिकला. त्याच काळात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. पुढे युद्धकाळात महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाशी जोडला गेला, म्हणजे भाव वाढले तरी पगाराची किंमत पूर्ण घसरणार नाही अशी तजवीज झाली. १९४७मध्ये औद्योगिक न्यायालयाने वेतनाचे प्रमाणीकरण केले आणि किमान मूळ पगार ३० रुपये, अधिक महागाई भत्ता, असा ठरवला. तोवर एकाच कामाला प्रत्येक गिरणीत वेगळा दर होता. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याचे ४८ तास आणले, त्याच वर्षी कामगार राज्य विमा कायदा झाला, १९५२मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळीचे भाडे गोठवले. महापालिकेने तर १९२५मध्येच एफ आणि जी या प्रभागांत, म्हणजे नेमक्या गिरण्यांच्या वस्तीत, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते.

या तरतुदी एकत्र ठेवून पाहिल्या तरच त्यांचे बळ कळते. भाडे वाढत नाही म्हणून पगारातले काही मागे राहते. आजारपण विम्यावर निभावते म्हणून पठाणाकडे जावे लागत नाही. शाळा फुकट आहे म्हणून मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला खात्यात घालावे लागत नाही. निवृत्तीला फंड मिळणार म्हणून म्हातारपणासाठी मुलाला अडकवून ठेवावे लागत नाही. यातली एकेक गोष्ट किरकोळ, पण सगळ्या मिळून एका माणसाच्या घामाचे पुढच्या पिढीच्या शिक्षणात रूपांतर झाले. गिरणी कामगारांची मुले बेस्टमध्ये, महापालिकेत, टपाल खात्यात, बँकांत, शाळांत लागली ती याच काळात. नारायण सुर्वे यांचे आयुष्य याचा लखलखीत दाखला आहे. रस्त्यावर सापडलेल्या या पोराला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणून वाढवले, शाळेत घातले. पुढे गिरणीत काम, महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग परीक्षा देऊन त्याच व्यवस्थेत शिक्षक, आणि मराठीतला एक मोठा कवी, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांच्या प्रतिभेचे आणि जिद्दीचे श्रेय त्यांचेच. पण तशीच जिद्द असलेली किती मुले १८९०मध्ये परळला राबत होती, याची आपल्याला गणती नाही. त्यांना ती शाळा नव्हती, शिपायाच्या कायम नोकरीतून शिक्षकाच्या नोकरीत जाण्याची ती परीक्षाही नव्हती.

या काळाला सुवर्णयुग म्हणण्याची चूक मात्र करू नये. ज्यांच्यासाठी ही वाट बांधली त्यांतून बरेच जण वगळले गेले. १९२०च्या दशकात गिरण्यांतल्या दर पाच कामगारांत सुमारे एक स्त्री होती. रात्रपाळीवरची बंदी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती आणि वाइंडिंग-रीलिंग खात्यांतली यंत्रे बदलल्यावर झालेली कपात यांमुळे ही संख्या घटत घटत नगण्य झाली, आणि त्यांच्या बाजूने संघटनाही फारशा लढल्या नाहीत. बदली कामगार वर्षानुवर्षे बदलीच राहिले. ज्या गावकीने आणि जातबांधवांनी नोकऱ्या मिळवून दिल्या, त्यांनीच पुढच्या पिढीला बांधूनही ठेवले. अर्थशास्त्रज्ञ कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग यांनी दादरच्या शाळांतल्या विद्यार्थ्यांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासून २००६मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच सांगतो. इंग्रजी माध्यमाचा आर्थिक लाभ नव्वदच्या दशकात झपाट्याने वाढला, तरी श्रमिक जातींतल्या मुलांना मराठी माध्यमातच घातले जात राहिले, कारण जातीच्या ओळखीने मिळणाऱ्या जुन्या नोकऱ्यांची वाट त्यांच्यासाठी धरून ठेवलेली होती. मुलींसाठी अशी वाट कधी नव्हतीच, म्हणून त्या इंग्रजी शाळांत वेगाने पुढे गेल्या. याचा अर्थ संघटना आणि आधार नकोत असा होत नाही. वशिल्यावर आणि जातीवर उभी असलेली वाट थोड्यांनाच पुरते आणि काळ बदलला की अडवणूक करते. सर्वांना सारख्या मिळणाऱ्या शाळा, विमा आणि कायदा यांचे तसे होत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेला नाही. हळूहळू विरत गेला आणि एक लाखाहून अधिक कामगारांची नोकरी त्यात कायमची गेली. इथे सर्वांत जोरदार आक्षेप येतो: ही वाट कामगारांनी स्वतःच्या हाताने मोडली, अवाजवी मागण्यांनी धंदा बुडवला. हा संप ताणण्यात नेतृत्वाचे अंदाज चुकले आणि त्याची किंमत घरांतल्या बायका-मुलांनी मोजली, हे मान्य केले पाहिजे. पण कारणमीमांसा तिथे थांबत नाही. संपाच्या आधीपासून अनेक मालकांनी यंत्रसामग्रीत पैसा घालणे थांबवले होते आणि बरेच कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर तयार होत होते. त्यामुळे संप चालू असताना बाजारात कापडाचा तुटवडा पडलाच नाही. शिवाय अहमदाबाद पाहा. तिथे गांधीजींच्या विचाराची मजूर महाजन ही समेटाने चालणारी संघटना होती, मुंबईसारखा संप झाला नाही, तरी ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथल्याही गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. संपामुळे मुंबईचा शेवट लवकर आणि क्रूर झाला. शेवटाचे कारण मात्र अधिक खोल होते.

गिरण्या जगभर बंद पडल्या, लँकशायरमध्येही पडल्या, मग रडायचे कशाला, असेही विचारले जाते. धंदा मावळणे कदाचित टळले नसते. पण मावळत्या धंद्याची मालमत्ता कुणाच्या पदरात पडावी, हे निसर्ग ठरवत नाही, सरकार ठरवते. मुंबईत गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने असे ठरवले, की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळावा. २००१मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी इमारती नसलेल्या मोकळ्या जागेपुरतीच उरली; त्यामुळे शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला येणारी जमीन फार आक्रसली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये विरोधात निर्णय दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये फिरवला. त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले, आणि २०१२च्या पहिल्या सोडतीत घरे होती सुमारे सात हजार. तीन पिढ्यांच्या श्रमाने ज्या जमिनीला मोल आले, तिच्यातला आपला वाटा मिळण्यासाठी माणसे म्हातारपणी कागदपत्रे घेऊन रांगेत उभी राहिली. कुणाच्या आळसामुळे हे घडले असे म्हणण्याची सोय इथे उरत नाही.

कष्ट तेच आणि नियम वेगळे असतील तर काय होते, हे पाहायला मुंबईपासून लांब जावे लागत नाही. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांनी गिरण्यांची जागा घेतली. कापड तेच, मागाचा खडखडाट तोच, कामगाराचे कौशल्यही कमी नाही. पण पाळी बारा तासांची, मजुरी वारावर किंवा मीटरवर, कारखाने इतक्या लहान तुकड्यांत विभागलेले की फॅक्टरी कायदा, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. १९६०मधल्या परळच्या विणकराला जे मिळत होते, ते पुढच्या काळातल्या भिवंडीच्या विणकराला मिळत नाही, आणि तो रोज चार तास अधिक उभा राहतो. कष्टाने बरकत येते हा निसर्गनियम असता, तर हा फरक उलटा दिसायला हवा होता.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येऊ. आजची अर्थव्यवस्था ज्ञानाची आहे, तेव्हा गिरणगावाचे धडे कालबाह्य झाले. शिकणारा आजही वर जातो, गिरणी कामगारांचीच काही नातवंडे संगणक कंपन्यांत गलेलठ्ठ पगारावर आहेत, असे सांगितले जाते. ही उदाहरणे खरी आहेत आणि त्यांचा आनंदच वाटला पाहिजे. पण ती नीट तपासली, तर बहुतेकांच्या मागे आई-वडिलांची एखादी कायम नोकरी, अनुदानित शाळा, आरक्षणाची किंवा सरकारी महाविद्यालयाची जागा, जुन्या भाड्याची खोली, यांपैकी काहीतरी सापडते. म्हणजे नवी शिडीसुद्धा जुन्या वाटेवरच टेकलेली आहे. आज ती वाट झिजते आहे. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणांनुसार शेतीबाहेर नियमित पगारावर असलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांच्या हातात नोकरीचा लेखी करार नाही. खासगी शाळा, शिकवण्या आणि घराचे भाडे यांचा खर्च कष्ट सुरू होण्याआधीच उभा करावा लागतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याने कितीही रात्रींचा दिवस केला तरी तो बदलीच्या रांगेतच राहतो, फक्त रांग आता मोबाइलच्या पडद्यावर लागते.

कुणी म्हणेल, की असे लिहून तरुणांच्या मनातली उमेद मारली जाते. दोष व्यवस्थेचा म्हटले की माणूस हातपाय हलवणे सोडतो. गिरणगावाचा इतिहास नेमके उलट सांगतो. आपल्या दैन्याचे कारण आपला आळस नसून चौदा तासांचा दिवस आहे, हे ज्यांना कळले त्यांनी हातपाय गाळले नाहीत. पाळी संपवून ते सभेला गेले, वर्गणी गोळा केली, रात्रशाळेत बसले, उपाशीपोटी सहा महिने संप टिकवला. हेही कष्टच होते, आणि सव्वाशे वर्षांत जे कष्ट सर्वाधिक फळले ते हेच. माणसाला निराश करते ती दुसरीच गोष्ट: तू हरलास कारण तू कमी राबलास, असे राबणाऱ्यालाच सांगत राहणे.

म्हणून मुलांना कष्टाचे महत्त्व जरूर सांगावे, पण अर्धे सांगू नये. आजोबा मेहनती होते हे सांगताना, त्यांच्या पगाराला महागाई भत्ता होता, खोलीला गोठवलेले भाडे होते, शाळेला फी नव्हती आणि पाठीशी संघटना होती, हेही सांगावे. आणि तेवढ्यावर न थांबता, कंत्राटावरच्या कामगाराला लेखी करार आणि भविष्यनिर्वाह निधी, यंत्रमागावरच्या विणकराला आठ तासांची पाळी, महापालिकेच्या शाळेला पुरेसे चांगले शिक्षक आणि शहरातल्या श्रमिकाला परवडणारे घर, या मागण्या आपल्या मानून मताच्या वेळी, सभेत आणि कामाच्या जागी लावून धराव्यात. कष्ट माणसे आजही करत आहेत. त्या कष्टांना फळ यावे अशी व्यवस्था करणे हे एकट्या माणसाचे काम नाही. ते आपल्या सर्वांचे आहे.